रोज वाढणारं दुकान

शनिवार, १ मार्च. सकाळी पावणेसात

आजपासून रोजनिशी. व्यापारी माणसाला ती हवीच. दुकान अजून नाही, पण वही आहे, पेन आहे आणि हुरूप आहे. पाऊण काम झालंच म्हणायचं.

मुलाकडे परदेशात येऊन पाच आठवडे झाले. चिरंजीव आणि सूनबाई आठला कामावर जातात ते संध्याकाळी सहाला उगवतात. घरात आम्ही दोघं. ही स्वेटर विणते, मी खिडकीतून रस्ता बघतो. रस्त्यावर काही म्हणजे काही होत नाही. काल एक कुत्रं दोनदा गेलं, तर मी हिला हाक मारून दाखवलं. तेव्हाच मनाशी म्हटलं, गड्या, हे काही खरं नाही.

ठरलं ते असं. ऑनलाइन दुकान काढायचं. या गावात हाताने केलेल्या चांगल्या वस्तू हुडकायच्या आणि जगभर विकायच्या. दुकानदारी माझ्या रक्तात आहे. कॉलेजात असताना दोन सुट्ट्या मामाच्या किराणा दुकानात काढल्यात. नंतरची चौतीस वर्षं सरकारी भांडारात गेली, पण ते मध्यंतर समजायचं.

हिला सांगितलं. सुया न थांबवता म्हणाली, अहो, पण जगाने मागितलंय का काही?

दृष्टी सगळ्यांनाच नसते.

सोमवार, ३ मार्च

सूनबाईने अर्ध्या तासात साइट करून दिली. नाव 'विश्वभांडार'. ती म्हणत होती, बाबा, जरा छोटं ठेवूया, भांडारात अजून एक वस्तू नाही. मी म्हटलं, नाव मोठं असलं की माल आपोआप येतो.

संकल्प: एक महिन्यात इथली भाषा शिकणे. आजवर दोन शब्द आले. एक 'धन्यवाद', एक 'नको'. दुसरा जास्त उपयोगी पडतो.

शनिवार, ८ मार्च. दुपारी

माल सापडला!

गावातल्या शनिवारच्या बाजारात अगदी तोंडाशी, कोपऱ्यावर, एका बाईंचं टेबल आहे. शेळीच्या दुधाचा साबण. घरच्या चार शेळ्या, घरचंच दूध, साबण स्वतः करतात. चौदा वासांचे. मी चौदाही हुंगले. नवव्याला शिंका सुरू झाल्या त्या बाराव्यापर्यंत. बाईंनी रुमाल दिला. माणूस चांगला, माल चांगला. आणखी काय पाहिजे?

बोलणं फोनवर. म्हणजे मी फोनला मराठीत सांगायचं, फोन त्यांच्या भाषेत बोलणार. त्यांचं उलट. मी म्हटलं, मी व्यापारी आहे, तुमचा साबण सातासमुद्रापार नेतो. बाईंनी छातीवर हात ठेवला. वय माझ्याहून पाचसहा वर्षांनी कमी असेल. अकरा वर्षं त्या एकाच कोपऱ्यावर बसतात म्हणे.

निघताना आपल्या रीतीप्रमाणे 'येतो' म्हटलं. फोनने ते सांगताच बाईंनी टेबलाखालून दुसरं स्टूल काढलं. मी रस्ता ओलांडून मागे बघितलं, तर अजून स्टूल धरून माझ्याकडे बघताहेत. इथली माणसं अगत्याला पक्की.

बुधवार, १२ मार्च. संध्याकाळी सात

दुकान उघडलं. माल: वीस वड्या. जेवणाच्या टेबलावर मांडल्या. फोटो मी काढले. तिसऱ्या फोटोत माझा अंगठा आलाय, पण त्यामुळे आकाराचा अंदाज येतो.

मामाचा एक शिरस्ता होता. सात वाजले की फळ्या लावायच्या आणि माल देणाऱ्याकडे निरोप धाडायचा की आजचं आटोपलं. तो शिरस्ता मी पाळणार. दुकान 'बंद केलं' असं अभद्र बोलायचं नाही, हेही मामानेच शिकवलं. एकदा तोंडातून निघालं तर रव्याच्या चमच्याने डोक्यात मारला होता. तेव्हा फोनवरून साबणवाल्या बाईंना लिहिलं: आज दुकान वाढवलं. धन्यवाद.

लगेच उत्तर. टाळ्या वाजवणारे दोन हात.

काय हे कौतुक! आपल्याकडे दुकान वाढवल्याबद्दल कुणी टाळी वाजवल्याचं स्मरत नाही.

सोमवार, १७ मार्च

ऑर्डरी: अजून नाहीत. कारण इंटरनेट. आज दिवसभर ते गोल गोल फिरत होतं.

दरम्यान प्रत्येक साबणाची माहिती लिहिली. एकेकाला चारशे शब्द. लव्हेंडरच्या वडीत शेळीचा स्वभावही आणला. सूनबाई म्हणाली, बाबा, लोक दोन ओळी वाचतात. मी म्हटलं, तर मग त्यांना माझ्या ओळी वाचायची सवय लागेल.

सातला निरोप पाठवला. आज टाळ्या चार.

बुधवार, १९ मार्च

बाई स्वतः आल्या. त्यांच्या छोट्या गाडीतून साठ वड्या! मी मागितल्या नव्हत्या. दारात उभ्या राहून फोनमधून म्हणाल्या, तुम्ही फार वेगाने चालला आहात, मी मागे पडणार नाही.

अशी निष्ठा विकत मिळत नाही. मी म्हटलं, बाई, दुकान तुमचंच आहे. त्यांचे डोळे भरून आले.

ही बाजूला उभी होती. बाई गेल्यावर म्हणाली, वीस तशाच पडल्यात, त्यात साठ कशाला घेतल्यात? मी म्हटलं, भरलेलं दुकान बघून गिऱ्हाईक येतं. म्हणाली, गिऱ्हाईक बघणार कुठून, आपल्या कपाटातून?

सोमवार, २४ मार्च. सकाळी ११

ऑर्डर! पहिली!! आठ वड्या!!!

रात्री. तीन तास पॅकिंग. वरून सुतळी. सुतळीला गाठ माझी, भांडारातली. कुणाच्या बापाला सुटणार नाही.

पत्ता बघितला तर चिरंजीवांच्या ऑफिसचीच इमारत. संध्याकाळी त्याला सांगितलं. तो बुटाची नाडी बांधत, म्हणजे सोडत, म्हणाला की असेल कुणीतरी, बाबा, मीच नेतो, टपाल कशाला. काय योगायोग!

निरोप पाठवला. वाढवलं.

शुक्रवार, २८ मार्च

तो खोका आज चिरंजीवांच्या डिकीत दिसला. सुतळीसकट. विचारलं तर म्हणाला, ऑफिसात जागा कमी आहे, ज्याने मागवला त्याने डिकीत ठेवायला सांगितलंय. मोठ्या शहरांत जागेचे हाल असतात खरे.

आज बाईंकडून शंभर वड्या आल्या.

मंगळवार, १ एप्रिल

हिची तक्रार: भाताला लव्हेंडरचा वास येतो. तांदळाच्या डब्याच्या वरच्या फळीवर मीच माल ठेवला होता, पण भाताला सुवास हा दोष कधीपासून झाला?

चिरंजीवांची तक्रार: शर्टांना निलगिरीचा वास. मीटिंगमध्ये शेजारच्याने विचारलं, सर्दी झाली आहे का?

सूनबाईची तक्रार: बाथटबमध्ये अंघोळ करायची आहे, साबण हलवा. यातली गंमत तिच्या लक्षात आली नाही. माझ्या आली.

संकल्प: माल हलवणे. कुठे, ते उद्या.

शनिवार, ५ एप्रिल

पाय मोकळे करायला बाजारात गेलो. बाईंच्या कोपऱ्यावर एक ब्रशवाला. दाढीचे ब्रश, बुटांचे ब्रश, पिसांची झटकणी. बाई कुठेच नाहीत. सुट्टी घेतली असेल. घ्यावी. फार कष्ट करतात.

परतताना जाणवलं की माझ्यामुळे एका कष्टाळू बाईला अकरा वर्षांनी एक शनिवार निवांत मिळाला. व्यापारातही पुण्य असतं.

ऑर्डरी: एकूण दोन. दुसरी मी केली. साइट चालते का बघायला. चालते.

शनिवार, १२ एप्रिल. संध्याकाळी

आज काहीतरी विचित्र झालं.

बाई आल्या. बरोबर दीडशे वड्या, आणि माझ्यासाठी एक वेगळी, मोठी. तिच्यावर विश्वभांडार हा शब्द ठशाने उमटवलेला. माझ्या साइटवरून बघून लाकडात कोरून घेतला म्हणे. काना थोडा वाकडा आहे, पण मराठी येत नसलेल्या माणसाने कोरलेलं!

मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि फोनमध्ये काहीतरी बोलल्या. फोन त्याच्या त्या कोरड्या आवाजात म्हणाला:

तुमच्यामुळे माझा बाजार उठला.

मी चरकलोच. पण बाई तर हसत होत्या. हात घट्ट धरून. डोळ्यांत पाणी, ते आनंदाचं. तेव्हा फोन चुकला असणार. यंत्रच ते. मी म्हटलं, असेच आशीर्वाद राहू द्या.

ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. बाई गेल्यावर म्हणाली, अहो, ती असं का म्हणाली? मी म्हटलं, फोन चुकला. ही म्हणाली, मग विचारा की नीट. मी म्हटलं, उद्या.

सातला निरोप पाठवला. आज दुकान वाढवलं.

रविवार, १३ एप्रिल. दुपारी दोन

लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

सकाळी हिने सूनबाईला सगळं सांगितलं. सूनबाईला इथली भाषा येते. ती म्हणाली, बाबा, फोन द्या बघू. तिने माझे निरोप वाचायला घेतले. पहिला वाचला, हसली. दुसरा वाचला, पोट धरून हसली. मग वाचत वाचत खाली गेली तशी हसायची थांबली.

म्हणाली, बाबा, तुम्ही रोज 'दुकान वाढवलं' लिहिता. फोन त्याचं काय करतो माहीत आहे? 'आज दुकान मोठं केलं.' रोज. महिनाभर.

बत्तीस निरोप. बत्तीस दिवस त्या बाई ऐकताहेत की माझं दुकान आज आणखी मोठं झालं. कुणीही टाळ्या वाजवील. कुणीही साबण करील.

आणि काल 'बाजार उठला' म्हणाला तेव्हा फोन चुकला नव्हता. शब्द न् शब्द बरोबर बोलला होता.

सूनबाईने पुढचं वाचलं. बाईंनी साडेतीन आठवड्यांपूर्वी कळवलं होतं की आता सगळा साबण तुम्हालाच देते, बाजाराला पुरत नाही, म्हणून कोपरा सोडते. ते मी अंगठा उंचावून मान्य केलं होतं. तो निरोप लांब होता, म्हणून वाचला नव्हता.

बाजाराचा नियम असा की दोन शनिवार टेबल लागलं नाही तर जागा पुढच्याला. अकरा वर्षांचा कोपरा. ब्रशवाला सुट्टीपुरता बसलेला नाही. तो कायमचा आहे.

हिने विणकाम बाजूला ठेवलं. ते मी या महिन्यात पहिल्यांदा बघितलं.

सोमवार, १४ एप्रिल

उद्या जाऊन सांगतो.

मंगळवार, १५ एप्रिल

फार वारा आहे. शेळ्या बिथरलेल्या असतील. बाईंना आज त्रास नको.

सातला निरोप पाठवला नाही. सव्वासातला बाईंचा निरोप आला. फक्त एक प्रश्नचिन्ह.

बुधवार, १६ एप्रिल

अशा गोष्टी समोरासमोर सांगायच्या असतात आणि त्यासाठी भाषा चांगली यायला हवी. माझे दोनच शब्द आहेत. महिनाभर नीट शिकून मग गेलं तर जास्त आदराचं होईल.

हिला हे सांगितलं. ती म्हणाली, महिनाभरात ती आणखी सातशे वड्या करील.

गुरुवार, १७ एप्रिल. दुपारी चार

गेलो. म्हणजे ही बूट घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही येताय की मी एकटी खुणांनी सांगू? मग गेलो.

बाईंचं घर गावाबाहेर, बसचा शेवटचा थांबा. बाई शेळीचं दूध काढत होत्या. शेडमध्ये नवे तीन टोप, अजून लेबलही न काढलेले. ते माझ्यामुळे.

फोनला म्हटलं, दुकान मोठं झालं नाही. फोन बोलला. बाई हसल्या, म्हणजे कळलं नाही. मग म्हटलं, रोज मी दुकान बंद करत होतो. आमच्यात बंद म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. अशुभ नको म्हणून. मालाला गिऱ्हाईक एकही नाही. एक मुलगा, एक मी.

मामाने ऐकलं असतं तर चमचा मारला असता. पण म्हटलं. बंद, बंद, बंद. तीनदा.

बाईंना कळलं ते मला दिसलं. पान्हा थांबावा तसे हात थांबले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फोन माझ्या हातात तयार होता आणि त्याला भाषांतर करायला काही नव्हतं. शेळीने तेवढ्यात माझ्या खिशातलं बसचं तिकीट खाल्लं.

मग ही पुढे झाली. स्टूल ओढलं आणि बाईंच्या शेजारी बसली. बस्स. दोघी बसून राहिल्या. मी उभा.

शुक्रवार, १८ एप्रिल

साइट सूनबाईने काढून टाकली. एक बटण. उघडायला अर्धा तास लागला होता.

नवा संकल्प, आणि हा खरा: बाईंचा कोपरा परत मिळवणे. विक्रीची बाजू मी सांभाळीन. गिऱ्हाईक समोर असलं की माझी वाणी खुलते. ऑनलाइनमध्ये तेच अडलं होतं.

शनिवार, १९ एप्रिल

बाजाराच्या मॅनेजरांना भेटलो. उंच, चष्मा, हातात पाटी. सूनबाई दुभाषी. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मागच्या रांगेत, स्वच्छतागृहांच्या शेजारी, एक जागा आहे. तिथे सलग लावा, मग कोपऱ्याचं बघू.

लावलं. बाई आणि ही टेबलामागे, पुढे मीच बोलत होतो. फोन स्पीकरवर. साबणाचा इतिहास, दुधाचे गुण, शेळीचा स्वभाव. लोक थांबत, ऐकत, घड्याळ बघत आणि रांगेत जात. रांग दुसरी होती.

चार वड्या विकल्या. त्यातल्या दोन सूनबाईच्या मैत्रिणीने घेतल्या. सुरुवात म्हणून उत्तम.

शनिवार, २६ एप्रिल

आज नाइलाजाने काउंटर सोडावा लागला. बाईंनी खुणेने सांगितलं की चहा हवा. चहाचा ठेला बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला. रांग होती. चाळीस मिनिटं.

परत आलो तर टेबल अर्धं रिकामं.

एकतीस वड्या! मी विचारलं, कुणी विकल्या? बाईंनी हिच्याकडे बोट केलं.

हिला इथल्या भाषेचा एकही शब्द येत नाही. 'नको'सुद्धा नाही. मी बाजूला उभं राहून तिची पद्धत बघितली. गिऱ्हाईक आलं की वडी त्याच्या नाकाशी धरते, स्वतः डोळे मिटते आणि म्हणते, अहाहा. एवढंच. माणूस हुंगतो, तोही डोळे मिटतो आणि पाकीट काढतो. एका आजोबांनी तर तिच्यासारखंच अहाहा म्हटलं.

शास्त्रीय नाही. पण चाललंय तर चालू द्यावं. मी तिला म्हटलं, दुधाचे गुण सांगत जा. ती म्हणाली, अहो, तुम्ही तो चहा थंड व्हायच्या आत त्या माउलीला द्या.

शनिवार, ३ मे. दुपारी एक

कोपरा मिळाला!!

सविस्तर: कोपऱ्यावर वारा फार. ब्रशवाल्याची पिसांची झटकणी उडून फुलांच्या टेबलावर पडत होती. त्याला आतली जागा हवीच होती. इकडे आमच्या टेबलाशी आज गर्दी एवढी की स्वच्छतागृहाची रांग कुठे संपते आणि आमची कुठे सुरू होते ते मॅनेजरांना कळेना. त्यांनी दोघांना बोलावून जागा बदलून दिल्या. बाईंनी हिला मिठी मारली. मग मलाही, पण जरा जपून.

घरातला साबण बाईंच्या गाडीतून रोज थोडा थोडा चाललाय. दोन कपाटं मोकळी झाली. बाथटबही.

मॅनेजरांची एक अट आहे. सूनबाई सांगायला कचरत होती, मीच सांग म्हटलं. अट अशी की फोनवाले गृहस्थ टेबलाच्या पुढे उभे राहणार नाहीत. आजूबाजूच्या तीन दुकानदारांची तक्रार आहे.

मी तत्काळ मान्य केली. मोठ्या कामात असं एकाला मागे व्हावंच लागतं. तसा मागणी-पुरवठ्यात मी पुरवठ्याचाच माणूस. चौतीस वर्षं भांडार म्हणजे दुसरं काय होतं?

हिला बाईंनी एप्रन दिला. खिशावर बाईंच्या हातचा कशिदा, एक शेळी. मी माझ्यासाठी कोणतं पद आहे ते विचारलं. बाईंनी रिकाम्या खोक्यांकडे बोट केलं.

शनिवार, १० मे. संध्याकाळी

खोके सोळा. गाडीतून टेबलापर्यंत आणि टेबलापासून गाडीपर्यंत. कंबर धरली. हिने मलम लावलं. दमली होती, तरी लावलं.

विक्री सगळी. वड्या दुपारीच संपल्या. हिचा आवाज बसलाय, अहाहा म्हणून म्हणून.

मी गिऱ्हाइकांशी बोललो: एकाशी. बाजारात नवा होता. घाईने मागे आला, माझ्याकडे बघून हातवारे करून काहीतरी विचारलं. स्वच्छतागृह कुठे आहे ते हवं होतं.

सांगितलं. फोन न काढता. उजवीकडे, मग सरळ, मग परत उजवीकडे.

अगदी बरोबर गेला तो.